टाक्याशिवाय शीर जोडायचा सव्वाशे वर्षांचा खटाटोप

माझ्या चुलतभावाची दोन बोटं कडबाकुट्टीत गेली. तासगावजवळच्या वस्तीवरून थेट मिरजेला नेलं, तिथं डॉक्टर रात्रभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसले, एक बोट टिकलं, एक नाही टिकलं. नंतर ड्रेसिंगला गेलो तेव्हा सहज विचारलं, एवढा वेळ नेमका कशात गेला हो? तर म्हणाले शिरा शिवण्यात, मिलिमीटरभराच्या शिरा, दोरा केसापेक्षा बारीक. आणि जाता जाता बोलून गेले, "जरा मोठ्या शिरेला कपलर पण मिळतो."

कपलर म्हटल्यावर माझं डोकं तिथंच अडकलं, कारण माझा धंदाच शेतातल्या ड्रिपच्या मटेरियलचा. लॅटरल, म्हणजे ड्रिपची बारीक नळी, फुटली की आपण काय करतो, फुटलेला भाग कापतो, जॉइनर आत दाबतो, झालं. मग शिरेला हे का नाही जमत? नंतर वाचत गेलो तसं कळलं की पाणी कशातनंही वाहतं, पण रक्त तसं नाही, शिरेच्या आतलं जे गुळगुळीत अस्तर असतं त्याच्याशिवाय दुसऱ्या कशालाही ते लागलं की गोठायला बघतं. म्हणजे जोडणं अवघड नाहीच, जोड रक्तापासून लपवणं अवघड आहे.

आपल्या मिरजेत वॉनलेस डॉक्टरांनी हॉस्पिटल काढलं ते 1894 साल. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट ॲबी नावाचा सर्जन मांजराच्या महाधमनीत मधे बारीक असलेली काचेची नळी घालून बघत होता, म्हणजे शुद्ध आपला जॉइनर, पण काच रक्ताला लागणार म्हणजे गाठीची भीती आलीच. आणि त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्सच्या लियों शहरात राष्ट्राध्यक्ष कार्नो यांना एकानं सुरा मारला, यकृताकडं जाणारी मोठी शीर कापली गेली आणि ती शिवायची कशी हे तिथं कुणाला येत नव्हतं. माणूस गेला. त्याच शहरातला अलेक्सी कारेल नावाचा एक तरुण शिकाऊ डॉक्टर हे मनावर घेऊन बसला, भरतकाम करणाऱ्या बाईकडनं बारीक सुई चालवायला शिकला आणि 1902 मध्ये तीन टाक्यांवर शीर ताणून शिवायची पद्धत छापून मोकळा झाला. 1912 चं नोबेल त्याला मिळालं, आणि आजही सर्जन हातानं शिवतात ते साधारण त्याच वाटेनं.

पण माझ्या मते या विषयातला खरा हुशार माणूस एर्विन पायर. 1900 मध्ये त्यानं मॅग्नेशियमची बारकी रिंग केली. शिरेचं एक टोक रिंगमधनं ओढून घ्यायचं, शर्टाची बाही दुमडतो तसं बाहेरून रिंगवर उलटं करायचं आणि वरून दुसरं टोक चढवून बांधायचं. म्हणजे अस्तराला अस्तर लागलं आणि रिंग बाहेर राहिली, रक्ताला ती दिसतच नाही. वर मॅग्नेशियम हळूहळू शरीरात विरघळून जातं. पुढं जे जे आलं त्यात हीच दुमड परत परत दिसते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ब्लेकमोर आणि लॉर्ड यांनी व्हिटॅलियम धातूच्या नळ्या आणल्या, आत शिरेचाच तुकडा अस्तर म्हणून. कल्पना चांगली, पण रणांगणावर एवढी सवड कुणाला? त्या युद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या 2,471 धमनीच्या जखमांचा हिशोब नंतर निघाला, त्यातल्या फक्त 81 मध्ये दुरुस्तीचा प्रयत्न झालेला, बाकीच्यांत बहुतेक ठिकाणी सरळ शीर बांधून टाकलेली, आणि अशा बांधलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचे हातपाय कापावे लागले. 

तिकडं सोव्हिएत युनियनमध्ये गुडोव नावाच्या इंजिनिअरनं शिरेचं स्टेपलर बनवलं आणि आंद्रोसोव यांनी 1956 मध्ये त्याचा अनुभव जगापुढं मांडला. यंत्र भारी होतं, पण अवजड, आणि जुळवाजुळवीतच वेळ जाणार.

1960 मध्ये जेकबसन आणि सुआरेझ यांनी मायक्रोस्कोपखाली शिरा जोडून दाखवल्या, 1965 मध्ये जपानमध्ये तुटलेला अंगठा परत बसवला गेला. आता हातानंच इतकं बारीक जमायला लागल्यावर यंत्र मागं पडणार असं वाटेल, पण झालं उलटंच, कारण एका ऑपरेशनमध्ये असे कितीतरी जोड आणि प्रत्येकाला वेळ. जपानच्याच नाकायामा यांनी 1962 मध्ये दोन रिंगा काढल्या होत्या, एकीच्या पिना दुसरीच्या भोकात बसणाऱ्या. स्वीडनच्या ऑस्ट्रुप आणि बर्गग्रेन यांनी 1986 मध्ये त्याच विचारावर आजचा कपलर दिला: प्लास्टिकच्या दोन रिंगा, प्रत्येकीला स्टीलच्या सहा पिना, शिरेचं तोंड ओढून पिनांवर टोचून उलटं करायचं आणि दोन्ही रिंगा दाबून बसवायच्या. काही मिनिटांचं काम. कॅन्सरनंतर पोटाची चरबी-कातडी घेऊन स्तन नव्यानं घडवतात, त्यात हा खूप वापरतात.

सगळंच असं चाललं नाही. 2001 मध्ये बायपाससाठी महाधमनीला शीर जोडणारं सिमेट्री नावाचं कनेक्टर आलं, टाका नाही, महाधमनीला चिमटा लावायचं काम नाही, सगळे खूश. पण जोडाच्या जागी शीर अरुंद व्हायच्या तक्रारी यायला लागल्या आणि 2004 मध्ये कंपनीनं ते बंद केलं. 

मी डॉक्टरांना विचारलं, मग आमच्या पोराला कपलर का नाही घातला? ते म्हणाले, कपलर सगळ्यात छोटा एक मिलिमीटरचा, बोटातली शीर त्याच्याहून बारीक, आणि धमनीची भिंत जाड असते, ती पिनांवर सहजी उलटत नाही, रक्त परत हृदयाकडं नेणारी शीर पातळ म्हणून उलटते. पायरची बाही आठवली मला, जाड स्वेटरची बाही दुमडून बघा म्हणजे कळेल. चुलतभावाचं बोट म्हणजे सगळं हातानं शिवलेलं आहे. परवा द्राक्षाची छाटणी करताना म्हणत होता, बाकी ठीक आहे, फक्त पहाटे थंडीत तेवढं एकच बोट गार पडतंय.