कुंपणानेच शेत खाल्लं तर?

सीआरपी हे नाव कोविडच्या लाटेत घरोघरी पोचलं. दाह पेटला की रक्तात वाढणारं हे प्रथिन १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलं. आज वयाबरोबर मुरणारा दाह मोजायलाही त्याचाच आकडा बघतात. त्या दाहाचा संशय मात्र आणखी जुना, आणि त्याच्या मुळाशी आहे एक काटा.

डिसेंबर १८८२, सिसिलीतलं मेसिना. घरचे सर्कशीला गेलेले, रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेच्निकॉफ एकटाच सूक्ष्मदर्शकापाशी. तारामाशाच्या अळ्या काचेसारख्या पारदर्शक. बागेतले गुलाबाचे काटे आणून त्याने त्यांच्या कातडीखाली टोचले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी पाहतो तो भटक्या पेशींनी काट्याला गराडा घातलेला! लाली, सूज, ऊब, ठणका ही लक्षणं रोमन सेल्ससने पहिल्या शतकातच नोंदवली होती. दाह हा शरीराचा बचाव आहे, हे मेच्निकॉफने ठासून मांडलं. १९०८च्या नोबेलमध्ये तो पॉल एर्लिखचा वाटेकरी होता.

वार्धक्याच्या अभ्यासाला ‘जेरोन्टॉलॉजी’ हे नावही त्याचंच, १९०३चं. काट्याला गराडा घालणाऱ्या याच भक्षक पेशी म्हातारपणी उलटतात, केसांचा रंगसुद्धा खातात, आणि त्यांना चिथावतं आतड्यातल्या जंतूंचं विष, असं त्याचं म्हणणं. उतारा काय, तर आंबवलेलं दूध. (ताकाशिवाय ज्यांचं जेवण उरकत नाही, त्यांना हे सांगायला पॅरिसला जाऊन बसलेला शास्त्रज्ञ लागावा!) तपशिलात तो बराच चुकला, रोख मात्र चुकला नव्हता.

पुढे दाह आणि वार्धक्य हे दोन धागे वेगवेगळेच राहिले. २००० साली इटलीच्या क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी ‘इन्फ्लमेजिंग’ (इन्फ्लमेशन म्हणजे दाह, एजिंग म्हणजे म्हातारपण) हा जोडशब्द घडवला: काटा रुतलेला नसतानाही वर्षानुवर्षं धुमसणारा दाह. विभाजन थांबलेल्या, पण न मरणाऱ्या पेशी दाहक रसायनं सोडत राहतात, हा त्यामागचा एक धागा. वाढलेली चरबी हा दुसरा. २०१७च्या ‘कँटोस’ चाचणीत दहा हजारांवर हृदयरुग्ण होते. कोलेस्टेरॉलला हात न लावता, नुसता दाह दाबून हृदयविकाराचे झटके घटले. पण जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले. कुंपण काढलं की गुरं शिरणारच.

आणि २०२५ मध्ये नवाच पेच. इटली आणि सिंगापूरच्या वृद्धांत दिसलेला, वयाबरोबर दाह चढण्याचा हा साचा बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने लोकांत जुळेना. जंतांमुळे, संसर्गांमुळे दाह त्यांच्यातही भरपूर, पण तो वयाबरोबर चढत नाही आणि जुनाट आजारांशीही त्याचा सांधा लागत नाही.