घोरपड

घोरपड हा पालीच्या दूरच्या गोतातला मोठा सरडा. भारतात घोरपडीच्या चार जाती आढळतात. त्यांपैकी कोकणात दिसते ती *व्हॅरॅनस बेंगालेन्सिस*. खाडीत पोहणारी घोरपड पाहून काही जण तिला 'पाणघोरपड' म्हणतात, पण खरी पाणघोरपड सुंदरबन, ओडिशा आणि अंदमानकडची. आपली घोरपडही उत्तम पोहते आणि पाण्याखाली सतरा मिनिटे राहिल्याची नोंद आहे.

पूर्ण वाढलेली घोरपड शेपटीसकट पावणेदोन मीटरपर्यंत भरते. नाकपुड्या तिरक्या फटींसारख्या असल्याने माती उकरताना त्यांत माती जात नाही. जीभ सापासारखी दुभंगलेली. हवेतले गंधकण जिभेवर घेऊन ती टाळूतल्या गंधेंद्रियाकडे पोचवते आणि पाचोळ्याखालचे भक्ष्य हुडकते. भुंगेरे, अळ्या, गोगलगायी, खेकडे, बेडूक, उंदीर, साप, पक्ष्यांची अंडी, मेलेले जनावर असे काहीही तिला चालते. कोंबड्यांच्या खुराड्यात शिरते ती अंड्यांसाठी, आणि गावाचा राग ओढवून घेते तो तिथेच. त्याच परसातले उंदीरही ती खाते, हे मात्र कोणी हिशेबात धरत नाही.

जांभ्याच्या सड्यावरच्या कपारी, गडग्यांतली भोके, जुनी वारुळे आणि झाडांच्या ढोल्या ही तिची घरे. सकाळी ऊन खाऊन अंग तापले की ती बाहेर पडते. पिल्ले बरीचशी झाडावर राहतात. त्यांच्या अंगावर पिवळे ठिपके नि पट्टे असतात, म्हणून ती वेगळी, विषारी जात समजून मारली जातात. नागासारखे विषाचे दात घोरपडीला नाहीत, पण चावली तर जखम खोल होते. डिवचली की ती फुत्कारते आणि शेपटीचा फटका हाणते. ही शेपूट पालीसारखी तुटून पुन्हा उगवत नाही.

पावसाळ्यात मादी बीळ खणून किंवा वारुळात सुमारे वीस अंडी घालते, नाकाने माती दाबून भोक बुजवते आणि आसपास फसवी बिळेही उकरून ठेवते. पिल्ले बाहेर यायला साडेपाच ते आठ महिने लागतात. विणीच्या हंगामात नर मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना कवटाळतात आणि कुस्ती खेळतात.

घोरपडीची पकड म्हणजे नुसत्या नख्या नव्हेत. कपारीत शिरल्यावर ती छातीत हवा भरून अंग फुगवते आणि दोन्ही बाजूंच्या दगडाला घट्ट बसते. मग शेपूट धरून कितीही ओढा. उघड्या कड्यावर असा आधार मिळत नाही. सात-आठ किलोंच्या पुढे न जाणाऱ्या या प्राण्याने दोराने चढणाऱ्या मावळ्यांचा भार पेलावा, हे शरीररचनेला धरून नाही. पोलादपूरजवळच्या उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांनी १६७० साली सिंहगड घेतला तो 'यशवंती' घोरपडीच्या आधाराने, ही कथा महाराष्ट्रभर सांगितली जाते. सभासद बखरीत मात्र मावळे वानरासारखे कडा चढले असे आहे, घोरपड नाही.

दक्षिण कोकणात आणि गोव्यात घुमट या मातीच्या वाद्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणत. आता त्याऐवजी बकऱ्याचे कातडे वापरतात आणि जुने वादक नादातला फरक सांगतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घोरपड असल्याने तिची शिकार, मांस, कातडे, तेल हे सगळेच गुन्ह्यात मोडते.

तरीही सांधेदुखीवरच्या तेलासाठी आणि मांसासाठी ती मारली जाते. दुसरा धंदा अधिक विचित्र आहे. नर घोरपडीची जोडजननेंद्रिये वाळवून 'हाथाजोडी' या नावाने, दुर्मीळ झाडाची मुळी म्हणून विकतात. घेणारा ती शेंदूर लावून तिजोरीत ठेवतो. आपण काय पुजतो आहोत, हे बहुतेकांना ठाऊक नसते.