हॉकी ईस्टमध्ये हरले म्हणजे मोसम संपला असं नाही

मार्चच्या मध्यावर आमच्या बॉस्टनच्या मराठी ग्रुपवर दरवर्षी एक मेसेज ठरलेला असतो: ‘संपलं. लेकीचं कॉलेज हरलं. आता पुढच्या वर्षी.’ त्याखाली सात-आठ रडक्या इमोजी. दोन आठवड्यांनी तेच कॉलेज टीव्हीवर खेळताना दिसतं आणि तेच बाबा विचारतात, ‘अरे, हे हरले होते ना?’ २०२५ मध्ये हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला की शेवटी लिहायलाच बसलो.

बोलतोय ते बर्फावरच्या कॉलेज आइस हॉकीबद्दल, पुरुषांच्या. घोळ दोन स्पर्धांचा आहे. एक कॉन्फरन्सची (कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांचा गट), आपल्या भागात हॉकी ईस्टची. दुसरी एनसीएएची, म्हणजे अमेरिकी कॉलेजांच्या क्रीडा संघटनेची, राष्ट्रीय. दोन्ही मार्चमध्ये, दोन्ही बाद पद्धतीच्या आणि जर्सीही बऱ्याचशा त्याच. राष्ट्रीय स्पर्धा तुम्ही बघताच: १६ संघ, चार शहरांत चार-चार, प्रत्येक शहरातला विजेता एप्रिलमध्ये फ्रोझन फोरला, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या फेरीला. हरलात की बॅगा भरा. त्यावर जास्त लिहीत नाही.

हॉकी ईस्ट हा ११ कॉलेजांचा गट. बॉस्टन कॉलेज म्हणजे बीसी, बॉस्टन युनिव्हर्सिटी म्हणजे बीयू (ही दोन वेगळी कॉलेजं आहेत, कृपया), नॉर्थईस्टर्न, मेन, प्रॉव्हिडन्स, युकॉन, युमास वगैरे. हिवाळाभर आपसांत साखळी सामने होतात, त्यातून गुणतक्ता ठरतो आणि मग मार्चमध्ये अकराच्या अकरा संघ बाद फेरीत उतरतात. वरच्या पाचांना पहिल्या फेरीत बाय मिळतो, म्हणजे ती न खेळताच ते पुढे जातात. उपांत्यपूर्व सामना वरच्या मानांकनाच्या संघाच्या घरच्या बर्फावर, उपांत्य आणि अंतिम सामने बॉस्टनच्या टीडी गार्डन स्टेडियममध्ये. चषकाला लू लॅमोरिएलो यांचं नाव आहे. प्रॉव्हिडन्सचे हे माजी प्रशिक्षक हॉकी ईस्टचे पहिले कमिशनर. गार्डनमधल्या या उपांत्य फेरीला ‘फ्रोझन फोर’ म्हणणाऱ्यांना मी आता दुरुस्त करणं सोडलंय. चार संघ आहेत, बर्फ आहे, तुमचंही काय चुकलं म्हणा.

आणि बीनपॉट हे तिसरंच प्रकरण. फेब्रुवारीतले दोन सोमवार, बॉस्टनची चार कॉलेजं, तेच गार्डन. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाला जो मान आहे तसलं काहीतरी: जिंकलेलं कॉलेज वर्षभर कॉलर ताठ करून हिंडतं, पण त्यातून पुढे कुठेही थेट प्रवेश मिळत नाही. बीसी आणि बीयू दोघंही हॉकी ईस्टचे असले तरी बीनपॉटमधला त्यांचा सामना हॉकी ईस्टच्या गुणतक्त्यात धरत नाहीत. विषय संपला.

आता खरी गोम. राष्ट्रीय स्पर्धेच्या १६ जागांना दोन दरवाजे आहेत. देशात पुरुषांच्या सहा कॉन्फरन्स. प्रत्येकीच्या बाद फेरीचा विजेता थेट आत जातो, गुणतक्त्यात तो कुठेही असो. या झाल्या सहा जागा. उरलेल्या दहा मोसमभराच्या हिशेबावर. २०२५ मध्ये हा हिशेब ‘पेअरवाइज’ नावाच्या यादीने व्हायचा: प्रत्येक संघाची दुसऱ्या प्रत्येक संघाशी जोडी लावायची, कोण कुणाशी खेळला, किती तगड्यांना हरवलं, ते मोजायचं आणि क्रम लावायचा. समितीच्या आवडीनिवडीला त्यात जवळपास वावच नाही. तीस-पस्तीस सामन्यांच्या त्या गाठोड्यात कॉन्फरन्समधला पराभव हा एक सामना. तोही मोजतात, पण वरच्या संघाला तो फार तर एखादी पायरी खाली ढकलतो.

म्हणून २०२५ मध्ये काय झालं ते बघा. हॉकी ईस्टच्या गुणतक्त्यात बीसी पहिली. उपांत्यपूर्व फेरीत, स्वतःच्याच घरी, बरीच खाली असलेली नॉर्थईस्टर्न त्यांना हरवून गेली. ग्रुपवर सुतक. आणि आठवड्याभराने राष्ट्रीय यादी आली तेव्हा बीसी देशात पहिल्या मानांकनावर! बीयूचंही तेच. गुरुवारी गार्डनमध्ये त्यांना युकॉनने हरवलं, मी तिथेच होतो. माझ्या शेजारचे लाल जर्सीतले आजोबा शेवटचा भोंगा वाजल्यावर शांतपणे उठले, फोनवर पेअरवाइजची यादी बघितली आणि नातवाला म्हणाले, ‘चल, पुढच्या आठवड्यात परत.’ तो संघ थेट सेंट लुइसच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि वेस्टर्न मिशिगनकडून ६-२ ने हरला. हॉकी ईस्टचा चषक मेनने युकॉनला ५-२ ने हरवून नेला, २००४ नंतर पहिल्यांदा. पण गंमत अशी की राष्ट्रीय स्पर्धेत शिरायला मेनला त्या चषकाची गरजच नव्हती, ते यादीत तसेही वर होते. हॉकी ईस्टचे सहा संघ आत गेले. चषक एकाच्याच हातात होता.

मग चषकाची खरी गरज कुणाला? यादीत खाली असणाऱ्याला. अटलांटिक हॉकी अमेरिका ही दुसरी कॉन्फरन्स बघा. तिथे त्याच वर्षी गुणतक्त्यात पहिली आली वुस्टरची होली क्रॉस. अंतिम सामन्यात वॉल्थमच्या बेंटलीने त्यांना हरवलं. बेंटली इतिहासात पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेत गेली. साखळीत सगळ्यांच्या वर राहिलेली होली क्रॉस घरी बसली, कारण त्या कॉन्फरन्सचे प्रतिस्पर्धी यादीच्या हिशेबात हलके पडतात आणि दुसरा दरवाजा त्यांना बंद होता. बीसी आणि होली क्रॉस दोघंही आपापल्या साखळीत पहिले, दोघंही बाद फेरीत हरले. एकाला देशात पहिला नंबर, दुसऱ्याला सुट्टी.

इथे आयपीएलची उपमा देणारे भेटतात. गुणतक्त्यात पहिले दोन असाल तर आयपीएलमध्ये एक पराभव खपतो, हे खरं. पण ती दुसरी संधी त्याच स्पर्धेत असते. हॉकी ईस्टमध्ये हरलात की हॉकी ईस्टमधून बाद झालात, त्यात सूट नाही. दुसरी संधी मिळाली तर दुसऱ्याच स्पर्धेत, आणि ती आधीच्या पाच महिन्यांत कमावलेली असते.

जाता जाता माझी एक जुनी तक्रार. उपांत्यपूर्व फेरी पूर्वी तीनपैकी दोन सामन्यांची असायची. २०२१ मध्ये, कोविडच्या दिवसांत, ती एका सामन्यावर आली आणि तशीच राहिली. त्या रात्री प्रतिस्पर्ध्याचा गोलकीपर अंगात आल्यासारखा खेळला की पहिल्या नंबरचा संघ गेला. शुक्रवार-शनिवार-रविवार अशी झुंज परत आणा, मी तिन्ही तिकिटं काढतो.

तर त्या शुक्रवारी ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, ‘आमचं संपलं.’ मी तयारच बसलो होतो. दोन दरवाजे, पेअरवाइज, आदल्या आठवड्याची बीसी, सगळं एका लांबलचक मेसेजमध्ये समजावून पाठवलं. पाच मिनिटांनी उत्तर आलं: ‘अरे, आमचा मुलगा नॉर्थईस्टर्नला आहे.’ आदल्या रात्री उपांत्य फेरीत मेनने त्यांनाच हरवलं होतं, आणि यादीत ते कुठेच नव्हते. काकांचं खरंच संपलं होतं.