पिना बसवणारे हात

चावी दिली की आपोआप वाजणारे जुने म्युझिक बॉक्स बायका जमवतात, उघडतात, दुरुस्त करतात, याचं अनेकांना नवल वाटतं. खरं तर या पेट्यांमधलं सगळ्यात नाजूक काम मुळापासून बायकांच्याच हातचं आहे.

जिनिव्हाच्या आंत्वान फाव्र या घड्याळजीने १७९६ मध्ये घंट्यांऐवजी पोलादी पट्ट्या छेडून सूर काढण्याची युक्ती मांडली. पुढे स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगरातल्या सेंत-क्र्वा गावी हा धंदा रुजला. पितळी सिलिंडरवर प्रत्येक सुराची जागा टोचून ठेवायची, तिथे भोक पाडायचं, त्यात बारीकशी पोलादी पिन घालायची. एका सिलिंडरला अशा हजारो पिना लागत, आणि हे काम बहुतेक बायका करत, कितीतरी जणी घरी बसून. मग सिलिंडरच्या पोटात गरम राळ घालून तो गरागरा फिरवत. राळ आतून सगळीकडे बसली की पिना घट्ट धरल्या जात. पेटीवर नाव मात्र कारखानदाराचं. १८८० च्या दशकात लाइपझिगला धातूच्या तबकड्यांवर वाजणाऱ्या पेट्या निघाल्या आणि पिनांचं काम आटलं. ग्रामोफोन आल्यावर दोन्ही तऱ्हा मागे पडल्या.

मोडीत निघालेल्या पेट्या वाचवण्यातही बाई पुढे होती. न्यूयॉर्कजवळच्या पेलहॅममध्ये रूथ बोर्नँड यांनी दुरुस्तीची पेढी सांभाळली. १९४९ मध्ये अमेरिकेत म्युझिक बॉक्सप्रेमींची संस्था उभी राहिली, तिच्या उभारणीत त्या होत्या.

मुंबईला पिनांचं संगीत नवं नव्हतं. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने देणगी दिलेल्या या मनोऱ्यातून एके काळी १६ सुरावटी वाजत. अशा मनोऱ्यांत पिना बसवलेला मोठा रूळ फिरतो आणि घंटांचे हातोडे उचलतो. म्युझिक बॉक्समध्ये हातोड्यांच्या जागी फणीचे दात, म्हणजे सूर काढणाऱ्या त्या पोलादी पट्ट्या असतात आणि पिना त्यांना छेडतात, एवढाच फरक.

आज मुंबईत अशी पेटी हाती आली, चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरून असो की जुन्या घराच्या माळ्यावरून, तर आधी लाकडाच्या पॉलिशकडे पाहू नये. फणीचे दात मोजावेत, तुटके किती ते पाहावं. सिलिंडरवर तिरकी नजर टाकली की आडव्या झालेल्या पिनांचा पट्टा लगेच दिसतो. तसा पट्टा दिसला तर स्प्रिंग कधीतरी मोकाट सुटलेली आहे. या पेट्यांचा सगळ्यात मोठा घात तोच. स्प्रिंगचा वेग गव्हर्नर आवरतो, म्हणजे मळसूत्राच्या दांडीवर फिरणारा छोटा पंखा. स्प्रिंग ताणलेली असताना कोणी सफाईसाठी गव्हर्नरचे स्क्रू सैल केले, की सिलिंडर भन्नाट फिरतो आणि काही सेकंदांत पिना वाकतात, दात उडतात. म्हणून कशालाही हात लावण्याआधी पेटी वाजू द्यावी, स्प्रिंगमधला सगळा ताण उतरू द्यावा आणि सिलिंडर गाण्याच्या शेवटच्या मोकळ्या जागी थांबलाय याची खात्री करावी. गाण्याच्या मध्येच फणी काढली तर पिनेखाली अडकलेला दात मोडतो. पेटी टॅक्सीतून न्यायची असली तरी हाच नियम.

दुसरा शत्रू मुंबईची दमट हवा. खालच्या सुरांच्या दातांना जड करण्यासाठी पोटाशी शिशाचे तुकडे डाखलेले असतात. ओल आणि पेटीच्या लाकडातून सुटणारी आम्लं यांनी शिसं पांढरी भुकटी धरतं, फुगतं, शेजारच्या दाताला भिडतं आणि सूर बिघडतो. नुसती भुकटी पुसून भागत नाही. कुजलेलं शिसं काढून नवं डाखावं लागतं, तेही एकेका दाताला, मोजक्या आचेवर; पोलाद जास्त तापलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि दात मुका होतो. मग सूर जुळवायचा: टोकाकडचं शिसं कानसलं की सूर चढतो, मुळाशी दात पातळ केला की उतरतो.

आवाजात चरचर असेल तर दोष बहुधा डँपरचा. दात अजून थरथरत असतानाच पुढची पिन त्याला लागली की किंचाळी उठते; ती थांबवायला दाताच्या टोकाखाली केसाएवढी पोलादी तार वाकवून बसवलेली असते, तोच डँपर. काही फण्यांत वरच्या सुरांना तारेऐवजी पिसाचे तुकडे चिकटवलेले सापडतात. गंज काढायचा फवारा इथे अजिबात मारू नये. तो तारांच्या बेचक्यात साचतो आणि धूळ धरून बसतो. तेलाचा थेंबही फक्त गव्हर्नरच्या दांडीच्या टोकांना आणि चाकांच्या आसांना द्यावा, फणीला नाही. डँपरच्या तारा नीट झाल्यावर फणी परत चढवताना सिलिंडरकडे भिंगातून पाहावं. बऱ्याच सिलिंडरांवर बारीक टिंबांची एक रांग कोरलेली असते. दातांची टोकं त्या टिंबांवर आली, की मगच स्क्रू आवळावेत.