स्थितिकी (तंत्रनिकेतनातील प्रारंभिक अध्ययन)

स्थिर वस्तूंवरील बलांचा विचार करणारी यामिकीची शाखा. नाशिकच्या तंत्रनिकेतनांत तिला स्थितिकी कोणी म्हणत नाही, ‘मेकॅनिक्स’ एवढेच नाव चालते. दहावी होऊन आलेल्या मुलांची साइन-कोसाइनशी ओळख नुकतीच झालेली असते, आणि इथे त्यांना लगेच कामाला जुंपावे लागते.

समतलातील बलांसाठी समतोलाच्या अटी तीनच आहेत: आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्या बलांची बेरीज शून्य, आणि कोणत्याही बिंदूभोवती परिबलांची (वर्गातल्या भाषेत मोमेंटची, म्हणजे बल गुणिले बिंदूपासूनचे लंब अंतर यांची) बेरीज शून्य. दोन्ही टोकांना टेकलेल्या ६ मीटर तुळईवर डाव्या टोकापासून २ मीटरवर १२ किलोन्यूटन भार ठेवला, की डाव्या टोकाभोवती मोमेंट घेऊन उजवी प्रतिक्रिया (आधाराने तुळईला दिलेला वरचा रेटा) ४ आणि मग डावी ८ किलोन्यूटन निघते. यात तुळईचे स्वतःचे वजन धरलेले नाही.

इतके सोपे असूनही मुले अडतात, ती बहुधा आकृतीपाशी. विचाराधीन वस्तू भोवतालापासून सुटी करून तिच्यावरची सगळी बले बाणांनी दाखवायची, ही मुक्तपिंड आकृती, म्हणजे ‘एफबीडी’ (फ्री बॉडी डायग्राम). बाण सुटला की पुढचे गणित कितीही नेटके असो, उत्तर चुकतेच. रोलर आधार पृष्ठभागाला लंब असे एकच बल देतो, बिजागरी आधार दोन दिशांना आणि घट्ट रोवलेला आधार त्याशिवाय मोमेंटही देतो. हे पाठ होते, पण आकृतीत उतरत नाही.

दिंडोरी-निफाडकडच्या मुलांना याचे उदाहरण घरीच सापडते. द्राक्षबागेच्या मांडवात ओळीच्या शेवटच्या खांबाला आतून मांडवाची तार ओढते; बाहेरून जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधलेली तार त्याला सावरते. खांब उभा असून बुडाशी नुसता टेकला आहे असे धरून त्याच्या माथ्याचा एफबीडी काढला, तर तीनच बले उरतात: मांडवाची ओढ, बाहेरच्या तारेतला ताण आणि खांबाचा वरचा रेटा. बाहेरची तार जमिनीशी ४५ अंशांत असेल तर तिच्यातला ताण मांडवाच्या ओढीच्या १.४१ पट होतो, आणि दगड खांबाजवळ पुरून कोन ६० अंश केला तर दुप्पट. तारेच्या मध्यावर लोंबणाऱ्या वजनाचा हिशेबही असाच आहे. १०० न्यूटन वजन असताना तारेचे दोन्ही भाग आडव्याशी ३० अंश झुकलेले असतील, तर प्रत्येकात १०० न्यूटन ताण येतो. १० अंशांवर सुमारे २८८, तर ५ अंशांवर सुमारे ५७४ न्यूटन. तार जितकी सपाट, तितका शेवटच्या खांबावर बोजा.

एका बिंदूत मिळणाऱ्या अशा तीन बलांसाठी फ्रेंच गणिती बर्नार लामी (१६४०–१७१५) याचा नियम वापरतात: प्रत्येक बल हे उरलेल्या दोन बलांमधील कोनाच्या साइनच्या प्रमाणात असते. मात्र तिन्ही बाण बिंदूपासून बाहेर जाणारे, किंवा तिन्ही आत येणारे असावेत. परीक्षेत गुण जातात ते नेमके इथे.

प्रयोगशाळेत हीच बले कप्प्यांवरून सोडलेल्या वजनांनी फळीवर मांडतात आणि कागदावर बलांचा बहुभुज (बलांच्या प्रमाणातल्या रेघा एकापुढे एक जोडून होणारी, समतोलात मिटणारी आकृती) काढतात. कप्पीतले घर्षण आणि पेन्सिलीची जाडी यांमुळे तो क्वचितच पुरता मिटतो. उरलेली फट शेवटची रेघ किंचित वळवून बुजवण्याची कला मात्र कोणी न शिकवता सगळ्यांना येते.