बदकाचं पाणी टाकीत की टाकीबाहेर? परसातल्या ॲक्वापॉनिक्समागची पार्श्वभूमी

परसातल्या ॲक्वापॉनिक्सला, म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी भाजीच्या वाफ्यातून फिरवून परत टाकीत आणायच्या पद्धतीला, बदकांची जोड द्यायची टूम तशी अलीकडची. मासे आणि भाजी जमली की पुढचं काहीतरी सुचतंच. बदकं गोगलगायी फस्त करतात, अंडी देतात, पाण्यात रमतात, आणि त्यांच्या विष्ठेत नत्र भरपूर असतं. टाकी, पंप, वाफा हे सगळं तयारच असतं. शिवाय इतिहासाचा दाखला हाताशी असतो: आशियात बदकं, मासे आणि पीक शेकडो वर्षं एकाच पाण्यात वाढत आलेत, मग आपल्याकडे का नाही?

दाखला खोटा नाही. फक्त तो तळ्यांचा आणि भातखाचरांचा आहे, आणि परसातली टाकी त्या घराण्यातली नव्हे.

जुना काळ थोडक्यात उरकतो. ॲक्वापॉनिक्सवरचे बहुतेक लेख मेक्सिकोतल्या ॲझ्टेकांच्या चिनाम्पांपासून, म्हणजे उथळ पाण्यात उभारलेल्या वाफ्यांपासून, सुरू होतात. तिथे कालव्यातला गाळ उपसून वाफ्यावर टाकत. माशांचं पाणी पिकातून फिरवून परत आणत नव्हते. जवळचं नातं आहे ते दक्षिण चीनशी. ग्वेजो प्रांतातले डोंग लोक खाचरात भात लावला की माशांची पिल्लं सोडतात, आणि ती बदकाच्या चोचीत मावणार नाहीत एवढी झाली की मगच बदकं. ही पद्धत 2011 साली जागतिक कृषी वारशाच्या यादीत आली. जपानमध्ये 1980 च्या दशकाच्या अखेरीस एका शेतकऱ्याने भातात बदकाची पिल्लं सोडून तण आणि किडीचा बंदोबस्त केला, तीही पद्धत बरीच पसरली. तिथेही नियम असा की लोंबी धरली की बदकं बाहेर, नाहीतर दाण्यांवर ताव मारतात. दोन्ही ठिकाणी कोण कधी आत येणार आणि कधी बाहेर जाणार हे ठरलेलं असतं. परसातल्या आराखड्यांतून नेमकं हेच वेळापत्रक गळून पडलं.

तळ्यातल्या बदक-मासे पालनाचं शास्त्र विसाव्या शतकात मध्य युरोपातल्या कार्प माशांच्या तळ्यांवर आणि नंतर भारतासह आशियात बसवलं गेलं. तळ्यात बदकाचं काम खत टाकण्याचं. विष्ठेवर आणि उन्हावर पाण्यात सूक्ष्म शेवाळ वाढतं, त्यावर सूक्ष्म प्राणी जगतात, आणि हे सगळं कटला किंवा सिल्व्हर कार्पसारखे मासे गाळून खातात. दिवसा शेवाळच प्राणवायू सोडतं आणि उरलेला मळ तळाच्या चिखलात जिरतो. भारतात यासाठी दिली जाणारी शिफारस हेक्टरी 200 ते 300 बदकांची आहे. म्हणजे एका बदकामागे 33 ते 50 चौरस मीटर पाणी. आता परसात सर्रास वापरतात ती पिंजऱ्यातली 1000 लिटरची प्लास्टिकची टाकी घ्या. तिचा पृष्ठभाग एक-सव्वा चौरस मीटर. तिच्यावर दोन बदकं सोडली की गर्दी शिफारशीच्या पन्नास पटींहून जास्त होते, आणि मळ जिरवायला चिखलही नसतो.

टाकीचा इतिहास अगदी वेगळ्या वाटेने आला. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर एका प्रयोगशील गटाने काचघरात अर्धपारदर्शक टाक्यांमध्ये तिलापिया मासा वाढवून दाखवला. पुढच्या दशकात नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यापीठात माशांचं पाणी वाळूच्या वाफ्यातून गाळून परत टाकीत आणायची पद्धत बसली. त्याच सुमारास कॅरिबियनमधल्या व्हर्जिन बेटांवर तरंगत्या तराफ्यांची पद्धत घडत होती: रोपं तराफ्यावर, मुळं थेट पाण्यात. दर चौरस मीटर वाफ्यामागे रोज 60 ते 100 ग्रॅम माशांचं खाद्य हा आजही वापरला जाणारा हिशोब तिथलाच. 1990 च्या दशकात मिसूरीतल्या एका जोडप्याने वाळूऐवजी खडी घातली, वाफा ठरावीक वेळाने भरायचा आणि रिकामा करायचा असं ठरवलं, आणि हा प्रकार सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

त्याला खरा परसात आणला ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी, 2000 च्या दशकात. दुष्काळ लांबलेला, बागेला पाणी घालण्यावर निर्बंध, त्यामुळे तेच तेच पाणी फिरवणारी बाग लोकांना पटली. तिलापिया पाळायला तिथे बंदी, म्हणून सिल्व्हर पर्च आणि बारामुंडी हे मासे आले. 1000 लिटरच्या टाकीचा वरचा भाग कापायचा, तो उलटा करून त्यात खडी भरायची, आणि भरलेलं पाणी आपोआप झटक्यात उतरवणारा बेल सायफन बसवायचा, हा आराखडा तेव्हाच रुळला. पर्माकल्चरचा, म्हणजे निसर्गाच्या धर्तीवर शेती-बाग आखायच्या विचाराचा, उगमही त्याच देशातला, आणि त्या विचारात बदकाला मानाचं स्थान. दोन्ही छंद एकाच कुंपणात नांदू लागल्यावर बदक टाकीपर्यंत पोचणारच होतं.

पण टाकीच्या कुठल्याच हिशोबात बदक नव्हतं. मासा नत्राचा बराचसा भाग कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात थेट पाण्यात सोडतो. खडीवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि झाडाला ते आयतं मिळतं. पक्षी नत्र टाकतो ते युरिक ॲसिडच्या रूपात, पांढऱ्या घट्ट लेपासारखं. ते फुटून अमोनिया व्हायला वेगळे जिवाणू लागतात, वेळ लागतो आणि प्राणवायू खर्ची पडतो. त्यात बदकाची खाण्याची रीत अशी की एक घास कोरडा, लगेच चोच पाण्यात. नाकपुड्या धुवायच्या, चिखल चाळायचा, भिजलेलं खाद्य निम्मं तिथेच सोडायचं. सकाळी भरलेली स्वच्छ बादली दुपारपर्यंत तपकिरी होते आणि तळाशी खाद्य, माती आणि पिसांचा थर बसतो. एवढा सेंद्रिय मळ वाफ्यात गेला की त्यावर पोसणारे जिवाणू भराभर वाढतात आणि अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या मंद जिवाणूंची जागा आणि प्राणवायू दोन्ही बळकावतात. खडी तुंबते. वास आला की माणसं पंप बदलतात. दोष पंपाचा नसतो.

त्यामुळे सगळा वाद येऊन थांबतो तो एका निर्णयावर: बदकाचं पाणी माशांच्या फेऱ्यात सोडायचं की नाही. एक पक्ष म्हणतो, सोडा, वाफा मोठा ठेवा, निसर्ग सांभाळून घेईल. दुसरा म्हणतो, बदकाची ओळ वेगळी ठेवा. ते पाणी एकदाच वापरा, झाडांना द्या, परत आणू नका. मधला पक्षही आहे: आधी गाळ बसवायचा, पिंपात हवा सोडून मळ कुजवायचा आणि वरचं निवळ तेवढंच पुढे जाऊ द्यायचं. पहिल्या पक्षाकडे चालू असलेल्या सिस्टीम आहेत हे नाकारता येत नाही. पण नीट पाहिलं तर त्या बहुधा मोठ्या तळ्यांच्या असतात, बदकं मोजकी असतात आणि पिकं उंच वाढणारी किंवा शिजवून खायची असतात.

तांत्रिक अडचणीपेक्षा वजनदार मुद्दा आरोग्याचा आहे, आणि चर्चेत तोच कायम शेपटाला येतो. मासा थंड रक्ताचा, बदक आपल्यासारखं गरम रक्ताचं. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे माणसाचं पोट बिघडवणारे जिवाणू बदकाच्या आतड्यात सहज राहतात आणि पक्षी दिसायला ठणठणीत असतो. अमेरिकेत सेंद्रिय शेतीच्या प्रमाणपत्रासाठी कच्च्या शेणखताबद्दल नियम आहे: खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर खत घातल्यापासून काढणीपर्यंत 120 दिवस जाऊ द्यायचे, लागत नसेल तर 90. नियम मातीतल्या शेतीचा आहे, परसबागेला तो कुणी लावत नाही. पण मागचा विचार लागू पडतो. तराफ्यावरचा लेट्यूस महिना-दीड महिन्यात काढणीला येतो आणि बदकाचं पाणी तर रोज येतं, म्हणजे दिवसांची मोजणी रोज पुन्हा एकवर. ज्या पाल्याला हे पाणी लागतं तो कच्चा खायचा असेल, तर पहिल्या पक्षाकडे याला उत्तर नाही.

दुसऱ्या पक्षाच्या आराखड्यात बदकाला तळं लागत नाही. डोकं पूर्ण बुडेल एवढं खोल घमेलं किंवा टब, तळाला निचऱ्याचा मोठा व्हॉल्व, खाली गाळ बसायला पिंप, आणि तिथून पाणी केळी किंवा फळझाडांच्या मुळाशी. हवं तर मधे डकवीडचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक हिरव्या वनस्पतीचा, उथळ हौद. डकवीड विरघळलेलं नत्र खेचून घेतं आणि बदकांना खाऊ घालता येतं. माशांना घालायचं ते मात्र वेगळ्या, स्वच्छ पाण्यात वाढवलेलं बरं.

एका जुन्या वादाचा उल्लेख इथे हवा. 1988 साली एका नामांकित विज्ञान साप्ताहिकात दोघा शास्त्रज्ञांनी इशारा दिला की मासे, बदकं आणि डुकरं एकत्र पाळण्याला उत्तेजन दिलं तर इन्फ्लुएंझाचे नवे विषाणू तयार व्हायला वाव मिळेल, कारण बदकात विषाणू मुरलेला असतो आणि डुकरात दोन विषाणूंची सरमिसळ होऊ शकते. मत्स्यपालनातल्या तज्ज्ञांनी हरकत घेतली. त्यांच्या मते चित्र भडक रंगवलं होतं. एच5एन1 या बर्ड फ्लूच्या विषाणूचा आज गाजणारा वंश 1996 मध्ये दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगमध्ये एका हंसात सापडला. पुढे थायलंडमध्ये भातखाचरांतून मोकळ्या फिरणाऱ्या बदकांचा या रोगाच्या प्रसाराशी संबंध दिसला, आणि तिथल्या सरकारने हे कळप बंदिस्त करायचा आग्रह धरला.

2021 च्या अखेरीपासून हा विषाणू युरोप आणि उत्तर अमेरिकेत जंगली पक्ष्यांतून फार मोठ्या प्रमाणावर पसरला. युरोपातल्या बऱ्याच देशांत हिवाळ्यात घरगुती पक्षीसुद्धा छपराखाली ठेवायचे आदेश निघाले, मग ती दोन बदकं का असेनात. उघड्या तळ्याचा आराखडा यात बसत नाही, कारण उतरणारं रानबदक तेच पाणी वापरतं. म्हणून अलीकडच्या बांधणीत बदकांच्या टबावर जाळी आणि छप्पर आधी येतं, आणि माशांच्या टाकीला झाकण.