एशियाडच्या सेलिंगसाठी अर्ज कुठे करायचा? पात्रता, निवड आणि कागदपत्रे

एशियाडच्या सेलिंगसाठी, म्हणजे शिडाच्या होड्यांच्या शर्यतींसाठी, खेळाडूने स्वतः भरायचा असा अर्जच नसतो. अनेक पालक स्पर्धेच्या वेबसाइटवर फॉर्म शोधत बसतात आणि तोवर निवड चाचणीची तारीख निघून जाते. प्रवेशिका भारतीय ऑलिम्पिक संघटना पाठवते. तिच्याकडे नावं जातात ती यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाकडून, म्हणजे वायएआयकडून. आणि वायएआयपर्यंत पोचायचं तर आधी तिच्याशी संलग्न असलेल्या क्लबाचं किंवा संस्थेचं सभासद व्हावं लागतं. रोइंगचा, म्हणजे वल्ह्यांच्या होड्यांचा, महासंघ वेगळा आहे, तिथे चौकशी करून उपयोग नाही.

म्हणून पहिला अर्ज क्लबाचा. मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब आहे, पुण्यात रॉयल कनॉट बोट क्लब. लष्कर आणि नौदलाची सेलिंग केंद्रंही मुंबईत आहेत. पण समुद्र जवळ नाही म्हणून कुणी मागे राहू नये. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ एशियाडमध्ये रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावात शिकली आणि हैदराबादच्या हुसेनसागरात तर भर पावसाळ्यात रेगाटा, म्हणजे होड्यांच्या शर्यतींची स्पर्धा, होते. क्लबात प्रवेश घेताना वयाचा दाखला, वैद्यकीय तपासणी, पोहता येत असल्याची खात्री आणि अठराच्या आतल्यांसाठी पालकांचं संमतीपत्र एवढं सहसा मागतात.

क्लास आधी ठरवा

सेलिंगमध्ये क्लास म्हणजे होडीचा प्रकार, आणि एशियाडमध्ये ही यादी दर वेळी बदलते. १९८२ चं एशियाड दिल्लीत झालं तरी सेलिंगच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. तिथे फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल क्लासमध्ये सुवर्ण जिंकलं. तो क्लास आता एशियाडमध्ये नाही. लहान मुलांची ऑप्टिमिस्ट होडी २०१४ ला इंचिऑनमध्ये होती, २०१८ ला नव्हती. हांगझोऊच्या स्पर्धेत शर्यतींचे एकूण १४ प्रकार होते. त्यात कुमार गटाला आयएलसीए ४ मिळाली (आयएलसीए म्हणजे एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी), मोठ्यांना आयएलसीए ७ आणि ६, दोघांनी चालवायची फोर्टीनाइनर, विंडसर्फिंग, काइट वगैरे.

नव्याने सुरुवात करणाऱ्या मुलांना मी आयएलसीएचाच रस्ता सुचवेन. कारण साधं आहे. ४, ६ आणि ७ या तिन्हींची होडी एकच, ४.२३ मीटर लांबीची. बदलतं ते शीड आणि डोलकाठीचा खालचा भाग. शिडाचं क्षेत्रफळ अनुक्रमे ४.७, ५.७६ आणि ७.०६ चौरस मीटर. मूल वाढेल तसं शीड वाढवता येतं आणि हाताला बसलेली होडी सोडावी लागत नाही. आइची-नागोया २०२६ नंतरचं एशियाड २०३० मध्ये दोहाला आहे. आज बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींनी हिशोब त्याचा धरावा.

पात्रता

भारतीय पासपोर्ट हवाच, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भारताकडून खेळता येत नाही. कुमार प्रकारांना जन्मतारखेची अट असते, ती त्या त्या स्पर्धेच्या नियमपत्रात म्हणजे नोटिस ऑफ रेसमध्ये दिलेली असते. आणि सगळ्यात कठीण गोष्ट ही, की एका प्रकारात एका देशाची एकच होडी उतरते. देशात दुसरा आलात तरी जागा नाही. वायएआय निवडीचं धोरण आधी जाहीर करते: कुठल्या शर्यती धरल्या जातील, गुण कसे मोजले जातील. ते धोरण ओळ न ओळ वाचा. पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, ज्याचे गुण सर्वांत कमी तो वरचा, अशी मोजणी असल्याने एका शर्यतीतली अपात्रता फार महाग पडते.

महासंघाने नाव दिलं तरी क्रीडा मंत्रालयाची मंजुरी बाकी असते. हांगझोऊच्या आधी मंत्रालयाने वैयक्तिक प्रकारांसाठी आधीच्या एशियाडमधल्या आठव्या क्रमांकाच्या तोडीची कामगिरी गेल्या बारा महिन्यांत असावी, असा निकष लावला होता. निकष दर स्पर्धेला नव्याने येतात, त्यामुळे जुन्या परिपत्रकावर विसंबू नये.

कागदपत्रं

पासपोर्ट स्पर्धा संपल्यानंतर किमान सहा महिने चालणारा हवा. वर्ल्ड सेलिंग या आंतरराष्ट्रीय महासंघाचा सेलर आयडी, म्हणजे खेळाडूचा ओळख क्रमांक, ऑनलाइन नोंदणी करून मिळतो आणि आंतरराष्ट्रीय निकाल, क्रमवारी सगळं त्याला जोडलेलं असतं. शिवाय जन्मदाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, क्लबाचं सभासदत्व, निकालपत्रकांच्या प्रती, फोटो.

मराठी घरांत खरी अडचण येते ती नावात. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, जन्मदाखल्यावर कधी वडिलांचं नावच नाही, आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी निराळं. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि बाकी सगळं दुसऱ्या रकान्यात जातं. स्पर्धेचं ओळखपत्र पासपोर्टवरून बनतं, तेव्हा पासपोर्ट हाच आधार धरा आणि सेलर आयडी, क्लबची नोंद, स्पर्धांचे फॉर्म तिथल्या अक्षरांप्रमाणे भरा. जुना आयडी चुकीचा निघाला तर तोच दुरुस्त करून घ्या. दुसरा काढलात तर निकाल दोन नावांवर विभागले जातात.

औषधांकडे फार थोडे लोक वेळेवर लक्ष देतात. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन आणि पोटात घ्यायची प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स स्पर्धेच्या काळात डोपिंगच्या यादीत येतात. दमा किंवा तसा जुना आजार असेल तर डॉक्टरांचे कागद घेऊन उपचारासाठीची सूट लागते का ते नाडाकडे, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेकडे, आधीच विचारा. नाडाच्या नोंदणीकृत चाचणी गटात नाव गेलं, तर रोज साठ मिनिटं आपण कुठे भेटू ते कळवावं लागतं. बारा महिन्यांत तीनदा चुकलं तर तो नियमभंग ठरतो.

होडीचे कागद शेवटी येतात, पण विसरू नका. आयोजक होडी देणार की स्वतःची न्यायची, हे नोटिस ऑफ रेसमध्ये पाहा. स्वतःची असेल तर मोजमापाचं प्रमाणपत्र, विम्याचा कागद आणि शिडावर नियमाप्रमाणे क्रमांक व देशाची अक्षरं लागतात. कंटेनर जहाजाने जात असल्याने हे सगळं संघ निघायच्या बरंच आधी तयार हवं.